रडारला सगळे दिसते, हा भ्रम कुणी शिकवला?

(१)
मे २०२५ मधील त्या चार दिवसांची आठवण अजून जुनी झालेली नाही. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाचा सराव जाहीर झाला, त्याच्या यादीत ठाणेही होते. त्याच काळात टेंभी नाक्यापासून डोंबिवलीच्या फडके रोडपर्यंत मोबाइलांवर एक दृश्य फिरत होते : काळोखी आकाश, जमिनीवरून उसळणारी प्रकाशाची कारंजी आणि हवेत पेट घेणारे विमान. कुणी ते भारताचे म्हणून पुढे पाठवले, कुणी पाकिस्तानचे म्हणून. अशा दृश्यांपैकी बरीच ‘आर्मा ३’ या २०१३ साली आलेल्या व्हिडिओ गेममधली होती.

(२)
हे पहिल्यांदा घडले असे नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये पंजशीर खोऱ्यातील हवाई हल्ला म्हणून याच खेळातील चित्रण काही भारतीय वृत्तवाहिन्यांनी दाखवले होते. युक्रेनच्या युद्धात हा प्रकार इतका बोकाळला की नोव्हेंबर २०२२ मध्ये खेळाच्या निर्मात्यांना, बोहेमिया इंटरअॅक्टिव्ह या चेक कंपनीला, आपले चित्रण कसे ओळखावे याचे निवेदन काढावे लागले. मे २०२५ मध्ये पाकिस्तान सरकारच्या अधिकृत खात्यावरूनही व्हिडिओ गेममधील दृश्य प्रसृत झाले. विमानभेदी तोफांची दृश्ये यात सर्वांत सोयीची ठरतात. रात्र, ठिणग्या आणि स्फोट एवढेच पुरते. चेहरे लागत नाहीत.

(३)
परंतु बनावट चित्रफितींवर रागावून हा विषय संपत नाही. चित्रफीत खोटी ठरवता येते. या खेळांनी इतिहासप्रेमी तरुणांच्या मनात रडारविषयी जी समजूत रुजवली आहे, ती खोटी ठरवणारे पथक कुठे नाही. समजूत अशी : रडार लावले की आकाश दिसते; दिसले की शत्रू कोण ते कळते; कळले की पाडता येते; आणि ज्याला पाडता आले नाही तो नालायक. या साखळीतील प्रत्येक कडी चुकीची आहे. दुसरी तर घातक आहे.

(४)
पहिली कडी टेंभी नाक्यावरच तपासता येते. समजा, नाक्यावरील एखाद्या पाच मजली इमारतीच्या गच्चीवर रडार बसवले. जमिनीपासून उंची १६ मीटर. पृथ्वी गोल असल्यामुळे रडारलाही क्षितिज असते. ढोबळ सूत्र असे : रडारच्या उंचीचे वर्गमूळ आणि विमानाच्या उंचीचे वर्गमूळ, दोन्ही मीटरमध्ये घेऊन, यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. उत्तर किलोमीटरमध्ये येते. १०० मीटरवरून येणारे विमान सपाट प्रदेशात सुमारे ५८ किलोमीटरवर दिसू लागेल. तेच २५ मीटरवर उतरले, तर ३७ किलोमीटरवर. ताशी ९०० किलोमीटर वेगाला हे अंतर म्हणजे अडीच मिनिटे. यंत्राच्या माहितीपत्रकात पल्ला दोनशे किलोमीटर छापलेला असला, तरी या अडीच मिनिटांत एका सेकंदाचीही भर पडत नाही.

(५)
आणि ठाणे सपाट नाही. नाक्याच्या पश्चिमेला येऊरचे डोंगर उभे आहेत. त्या रांगेतील सर्वांत उंच माथा साडेचारशे मीटरच्या वर जातो. समुद्राकडून खालून येणारे विमान या भिंतीआडून येईल. ते धार ओलांडेल तेव्हा गच्चीपासून चार-पाच किलोमीटरवर असेल, म्हणजे हाताशी सोळा ते वीस सेकंद. रडार उंचावर नेतात ते याचसाठी. येऊरला आणि कोलशेतला हवाई दलाची ठाणी आहेत हे प्रत्येक ठाणेकराला ठाऊक आहे. तिथे काय आहे हा मात्र चर्चेचा विषय नव्हे.

(६)
आता तोफ. भारतीय लष्कराची एल-७० ही ४० मिलिमीटरची बोफोर्स तोफ १९६० च्या दशकापासून सेवेत आहे. मे २०२५ मध्ये ड्रोन पाडण्यासाठी तिचाच उपयोग झाला, जोडीला चार नळ्यांची शिल्का. एल-७० चा गोळा नळीतून सेकंदाला हजार मीटरच्या वेगाने निघतो, वाटेत मंदावतो आणि तीन किलोमीटरवर पोहोचायला चार-पाच सेकंद घेतो. तेवढ्यात विमान किलोमीटरभर पुढे सरकलेले असते : टेंभी नाक्यापासून ठाणे स्थानक जितके दूर, साधारण तितके. म्हणजे तोफ विमानावर झाडलीच जात नाही. ती विमान जिथे असेल त्या रिकाम्या जागेवर झाडली जाते. ती जागा ठरवणे हे रडारचे आणि त्याला जोडलेल्या गणनयंत्राचे खरे काम. वैमानिकाने मधल्या पाच सेकंदांत वळण घेतले की सगळे गणित वाया.

(७)
न्यायाने सांगायचे तर, खेळांनी यातील बरेच काही उत्तम उभे केले आहे. ‘वॉर थंडर’मधील शिल्का किंवा जर्मन गेपार्ड चालवणाऱ्या सोळा वर्षांच्या मुलाला आघाडीची जागा म्हणजे काय ते कळते. डॉप्लर रडार वस्तूचा वेग तिच्याकडून परतणाऱ्या लहरींच्या बदललेल्या वारंवारितेवरून ओळखते. म्हणून विमान रडारला काटकोनात उडू लागले की त्याचा जवळ येण्याचा वेग शून्य होतो आणि ते जमिनीच्या गोंधळात विरून जाते. खेळाडू याला ‘नॉचिंग’ म्हणतात. भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकाला जे जमले नाही ते या खेळाने केले, हे मान्य करायला कुणाची हरकत नसावी.

(८)
हरकत ‘वास्तव’ या शब्दाला आहे. या खेळात एका पातळीचे नावच ‘रिअॅलिस्टिक’. आणि खेळणाऱ्यांच्या लेखी वास्तव म्हणजे आकडे : पल्ला, वेग, चिलखताची जाडी. या आकड्यांपायी माणसे कुठवर जातात याचा नमुना २०२१ मध्ये दिसला. ब्रिटिश चॅलेंजर २ रणगाडा खेळात चुकीचा दाखवला आहे हे सिद्ध करण्यासाठी एका खेळाडूने त्याच्या गोपनीय नियमपुस्तिकेचा भाग उघड करून टाकला. पुढील वर्षांत इतर देशांच्या शस्त्रांबाबतही तसेच घडले. तक्त्यातील एक आकडा दुरुस्त व्हावा म्हणून देशाचे गुपित! इतकी निष्ठा इतिहासाच्या वाट्याला आली असती तर?

(९)
हवाई संरक्षणाचा इतिहास या तक्त्यात मावत नाही, कारण त्यातील सर्वांत अवघड प्रश्नाला आकडा नाही. तो प्रश्न म्हणजे : पडद्यावरचा हा ठिपका कोणाचा?

(१०)
६ सप्टेंबर १९३९. युद्ध पुकारून तीन दिवस झालेले. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर शत्रूची विमाने येत असल्याची सूचना मिळाली. ती शोधायला हरिकेन विमाने उडाली. रडारवर तीही ठिपके झाली. शत्रू वाढला असे वाटून आणखी तुकड्या पाठवल्या गेल्या, आणि ठिपके आणखी वाढले. अखेर स्पिटफायर विमानांनी आपल्याच दोन हरिकेन पाडल्या. एक तरुण वैमानिक मारला गेला. आकाशात जर्मन विमान नव्हतेच. ‘बार्किंग क्रीकची लढाई’ असे कडवट नाव पडलेल्या या घटनेनंतर ब्रिटिशांनी मित्र-शत्रू ओळखण्याचे यंत्र विमानांत बसवण्याची घाई केली. १९४० मध्ये ब्रिटन तरले त्याचे श्रेय रडारच्या मनोऱ्यांना दिले जाते. ते बेंटली प्रायरीच्या त्या खोलीलाही द्यायला हवे, जिथे परस्परविरोधी बातम्या गाळून एक चित्र तयार केले जाई.

(११)
घराजवळचा प्रसंग १९७१ चा. ४ डिसेंबरच्या रात्री भारतीय नौदलाच्या क्षेपणास्त्र नौका कराचीवर चालून गेल्या. ‘निर्घात’ने सोडलेले क्षेपणास्त्र पाकिस्तानी विनाशिका ‘खैबर’कडे झेपावले. खैबरवरील नाविकांना अंधारात एक तेजस्वी गोळा येताना दिसला. त्यांनी तो विमानाचा समजला, विमानभेदी तोफा चालवल्या आणि शत्रूच्या विमानांनी हल्ला केल्याचा संदेश धाडला. जहाज बुडाले तरी हल्ला कशाने झाला हे त्यांना उमगलेले नव्हते. दोनच दिवसांनी, ६ डिसेंबरला, पाकिस्तानी हवाई दलाने आपल्याच ‘झुल्फिकार’ या युद्धनौकेवर ती भारतीय क्षेपणास्त्र नौका समजून मारा केला. खेळात दिशा बदलणाऱ्या क्षेपणास्त्रावर लाल चौकट उमटते. खैबरच्या पुलावर ती उमटली नाही.

(१२)
यंत्रे सुधारली म्हणून प्रश्न सुटला, असेही नाही. ३ जुलै १९८८ रोजी अमेरिकेच्या ‘व्हिन्सेन्स’ या युद्धनौकेवर त्या काळातील सर्वांत प्रगत रडार यंत्रणा होती. तिने इराणचे प्रवासी विमान पाडले. २९० माणसे गेली. विमान वर चढत होते आणि यंत्रांत तशीच नोंद झाली होती. नौकेवरील माणसांनी मात्र ते खाली झेपावत असल्याचे मानले. रडार चुकले नव्हते.

(१३)
आणि २७ फेब्रुवारी २०१९. बालाकोटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी नौशेराच्या आकाशात दोन्ही देशांची लढाऊ विमाने भिडली असताना श्रीनगरहून उडालेले हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर बडगामजवळ कोसळले. त्यातील सहा जण आणि जमिनीवरील एक नागरिक मृत्युमुखी पडला. त्या सहांपैकी एक नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे. ४ ऑक्टोबर २०१९ रोजी तत्कालीन हवाई दलप्रमुख भदौरिया यांनी जाहीरपणे कबूल केले की हेलिकॉप्टरला आपलेच क्षेपणास्त्र लागले आणि ही मोठी चूक होती. हेलिकॉप्टरवरील मित्र-शत्रू ओळखयंत्र बंद होते आणि जमिनीवरील पथकांच्या संपर्कात गफलती झाल्या, असे चौकशीबाबतच्या वृत्तांतून पुढे आले.

(१४)
या घटनेवर तेव्हा आणि नंतरही समाजमाध्यमांवर जी टिप्पणी झाली, तीत एक सूर ठळक होता : एवढे साधे कसे कळले नाही? हा सूर कुठून आला? ज्या पडद्यावर मित्राच्या डोक्यावर त्याचे नाव तरंगते, त्या पडद्यावरून आला. ज्या खेळात ओळखयंत्र कधी बिघडत नाही, बंद राहत नाही, कुणी ते चालू करण्याविषयी उलटसुलट आदेश देत नाही, तिथे वाढलेल्या नजरेला बडगाम ही केवळ मूर्खपणाची गोष्ट वाटते. चौकशीने दोष ठरवले, ते ठरायलाच हवेत. परंतु दोष कोणता हे समजण्यासाठी आधी तो निर्णय किती अवघड असतो हे ठाऊक असावे लागते. नेमके तेच या खेळांनी पुसून टाकले आहे. मांडवगणे यांच्या मृत्यूचे कारण ज्या जागी दडले आहे, ती जागाच खेळात नाही.

(१५)
यावर ठरलेले उत्तर येते : ‘बॅलन्स’. खेळ पंधरा मिनिटांत संपायचा असतो. एका बाजूला विमान चालवणारा आणि दुसऱ्या बाजूला विमानभेदी गाडी चालवणारा, दोघांनाही मजा यायला हवी. खरे रडार दिले तर कुणी उडणारच नाही; खरे विमान दिले तर खालचा पाच सेकंदांत संपेल. म्हणून पल्ला कमी करा, गोळ्यांची संख्या घटवा, गाडीची किंमत वाढवा. एका गटाने ओरड केली की एक यंत्र ‘नर्फ’, म्हणजे बोथट. दुसऱ्याने केली की दुसरे. हा युक्तिवाद अप्रामाणिक नाही. रडारसमोर आठ तास काहीही न घडता बसणे हे वास्तव आहे आणि ते विकत कुणी घेणार नाही.

(१६)
पण या युक्तिवादात एक गंमत दडलेली आहे. खऱ्या रडारला अजिंक्य होण्यापासून रोखणाऱ्या गोष्टी मुळातच आहेत. डोंगर आहेत. क्षितिज आहे. ठिपका कोणाचा हा संशय आहे. वरून परवानगी येईपर्यंतचा विलंब आहे. आणि सर्वांत मोठी गोष्ट, रडार लावणे म्हणजे अंधारात विजेरी लावणे : ती धरणारा समोरच्याला आधी दिसतो. पहिल्या दोन गोष्टी खेळांत बऱ्यापैकी येतात. उरलेल्या तीन बहुधा गळतात किंवा नावापुरत्या राहतात. म्हणजे रडारचे नैसर्गिक दुबळेपण आधी काढून घ्यायचे, त्याला सर्वज्ञ करायचे आणि मग तो फार बलवान झाला म्हणून त्याचा पल्ला कापायचा! कापलेला पल्ला पाहून इतिहासप्रेमी मुले वास्तवाच्या नावाने आकड्यांची लढाई लढतात. ज्याची चोरी झाली त्याची फिर्याद मात्र कुणी करत नाही.

(१७)
विजेरीची गोष्ट सर्बियाने शिकवली. २७ मार्च १९९९ च्या रात्री झोल्तान दानी यांच्या तुकडीने एस-१२५ नेवा या १९६० च्या दशकातील क्षेपणास्त्राने अमेरिकेचे रडारला चकवणारे एफ-११७ विमान पाडले. (तेच क्षेपणास्त्र भारताकडे ‘पेचोरा’ नावाने आहे.) तक्त्यांच्या हिशेबाने हे अशक्य होते. दानी यांच्या तुकडीची शिस्त अशी की क्षेपणास्त्राला दिशा देणारे रडार वीस सेकंदांच्या आसपास चालवायचे, मग बंद. आणि जागा बदलायची. रडारच्या लहरींचा माग काढत येणारी क्षेपणास्त्रे रोज सुटत असताना ही तुकडी शेवटपर्यंत टिकली. तिचे कौशल्य रडार केव्हा बंद ठेवावे यात होते. खेळात यंत्र सतत घरघरत राहिले तरी बहुतेक वेळा काही बिघडत नाही.

(१८)
हवाई संरक्षण हे एका माणसाचे काम नाही, ही बाबही खेळांत हरवते. महाराष्ट्राला याची जुनी ओळख आहे : विमानभेदी तोफांचे शिक्षण अनेक वर्षे नाशिकजवळच्या देवळालीत, तोफखान्याच्या विद्यालयातच चालत असे. १९८९ मध्ये ते ओडिशातील गोपाळपूरला हलले आणि १९९४ मध्ये हवाई संरक्षण हे तोफखान्यापासून वेगळे दल झाले. पाहणारा वेगळा, ओळखणारा वेगळा, परवानगी देणारा वेगळा, तोफ चालवणारा वेगळा. खेळ या चौघांना एका खुर्चीत कोंबतो. त्यामुळे त्यांच्यामधल्या दूरध्वनीच्या तारेत काय बिघडू शकते, हे त्यात येतच नाही.

(१९)
मे २०२५ नंतर ‘आकाशतीर’ हे नाव सर्वतोमुखी झाले. भारत इलेक्ट्रॉनिक्सशी त्याचा १,९८२ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला होता. आकाशतीर ही तोफ नव्हे की क्षेपणास्त्रही नव्हे. विखुरलेल्या रडारांची आणि ठाण्यांची माहिती एकत्र जोडून सर्वांना एकच चित्र दाखवणे आणि आपल्याच विमानावर मारा होण्याची शक्यता घटवणे हे तिचे काम. म्हणजे बेंटली प्रायरीच्या खोलीचेच, नव्या साधनांनी. तरीही त्या महिन्यात तरुण मंडळींच्या चर्चेचा विषय काय होता? कुणाच्या क्षेपणास्त्राचा पल्ला किती आणि कोणता खेळ ते कधी आणणार.

(२०)
मजा आणि वास्तव यांचे वैर आहे, हे म्हणणेही खरे नाही. ‘कमांड : मॉडर्न ऑपरेशन्स’ या खेळात नवा ठिपका ‘अज्ञात’ म्हणूनच येतो आणि तो अज्ञात असताना मारायचा की थांबायचे हे खेळाडूला आधी ठरवून ठेवावे लागते. लोक तो आवडीने खेळतात. मोठ्या खेळांना एवढे करणे कठीण नाही. ठिपक्यावरचे नाव काढून टाका. ओळखयंत्राचे उत्तर शंभरात काही वेळा येऊच देऊ नका. आपल्याच गड्याला पाडणाऱ्याला फेरीतून बाहेर काढा. मग पल्ला पूर्ण द्या, अगदी माहितीपत्रकातला. वैमानिकाला जगण्याची संधी तरीही मिळेल, कारण खाली बसलेल्याचा हात थबकेल.

(२१)
ज्यांना हा थबकलेला हात कसा असतो ते पाहायचे आहे, त्यांच्यासाठी ‘सॅम सिम्युलेटर’ नावाची एक विनामूल्य प्रणाली आहे. हंगेरीतील एका हौशी माणसाने ती घडवली. तीत एस-७५, एस-१२५ अशा सोव्हिएत यंत्रणांच्या फळ्या बटणाबटणासह आहेत आणि सर्बियातील ती १९९९ ची रात्रही आहे. सुंदर आकाश नाही, स्फोट नाही. तीन हिरवट पडदे, त्यांवर थरथरणाऱ्या रेषा आणि डझनावारी खटके. सुरुवातीचा अर्धा तास तर यंत्र सुरू कसे करायचे यातच जातो. बहुतेक जण तिथूनच परततात. जे टिकतात त्यांना एका क्षणी रेषेवर एक उंचवटा दिसतो, आणि तो विमान आहे की डोंगराचा पडसाद हे ठरवायला त्यांच्याकडे वीस सेकंद असतात.